आवणीच्या दिवसांत बंद होणारी गोळी

हरसूल परिसरात मी आरोग्यसेविका होते. निवृत्त झाले तरी लोक "सिस्टर" म्हणूनच हाक मारतात आणि गोळ्यांची पाकिटं दाखवायला घरी येतात. हल्ली त्या पाकिटांवर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही स्टॅटिन गटातल्या औषधांची नावं वरचेवर दिसतात. सोबत तक्रारही येते: "सिस्टर, ही कोलेस्टेरॉलची गोळी लागल्यापासून पाय गळतात, मांड्या भरून येतात." पुढचं वाक्य ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा येतो: "म्हणून आवणीपुरती बंद केली."

शहरातल्या माणसाचा दमसास कमी झाला तर पहाटेची फेरी आखडते. आमच्याकडे मजुरी बुडते. चिखलात दिवसभर वाकून भाताची आवणी, उतारावरची नागली, पुढे गिरणाऱ्याकडे टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या कामाला जाणं, हे सगळं पायांच्या जोरावर चालतं. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत इथल्याच सावरपाड्याची. अशा मुलखातला माणूस पाय साथ देत नाहीत म्हणाला, तर "वय झालं" एवढ्यावर त्याची बोळवण करू नये.

त्याच्या म्हणण्याला आधार आहे. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची जी वाट अडवतं, त्याच वाटेवर कोएन्झाइम क्यू-१० तयार होतं आणि स्नायूंना ऊर्जेसाठी ते लागतं. २०१३ साली अमेरिकेत मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी बैठ्या, वजनदार माणसांना १२ आठवडे व्यायाम करायला लावला. नुसता व्यायाम करणाऱ्यांची क्षमता सुमारे १० टक्के वाढली. सोबत ४० मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांची जेमतेम दीड टक्का. माणसं मात्र ३७च होती. त्याच वर्षी ४२० निरोगी लोकांवरचा अभ्यास आला. सहा महिने ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत स्नायू दुखण्याच्या तक्रारी जास्त निघाल्या, पण ताकद आणि दमसास घटला नाही. २०२०मध्ये लंडनच्या संशोधकांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून काही महिने खरी गोळी, काही महिने औषध नसलेली गोळी दिली, काही महिने काहीच दिलं नाही. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास व्हायचा, त्यातला ९० टक्के दुसऱ्या गोळीवरही झाला. दुखणं खरंच होतं, पण ते बहुतांशी औषधाचं नव्हतं.

यातलं कोणतंही संशोधन गुडघाभर चिखलात राबणाऱ्या बाईवर झालेलं नाही. म्हणून माझं म्हणणं असं की केसपेपरवर वय, वजन, रक्तदाबाबरोबर "काम काय करता, चढ किती चढता" हेही लिहावं. दुखणं दोन्ही मांड्यांत आहे का, गोळी सुरू झाल्यावर की डोस वाढल्यावर लागलं, थायरॉइड किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता आहे का, दुसरं एखादं औषध चालू आहे का, हे तपासावं. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण बरंच वाढवतं. डोस कमी करता येतो, दुसरं स्टॅटिन किंवा इझेटिमाइब देता येतं, गरज पडली तर डॉक्टर काही आठवडे गोळी थांबवूनही बघतात. लघवी काळ्या चहासारखी झाली आणि अंग प्रचंड दुखू लागलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

ज्याला अ‍ॅटॅक येऊन गेलाय किंवा अँजिओप्लास्टी झालीय, त्याने मनाने गोळी सोडणं धोक्याचं आहे. आवणी संपली की पुन्हा घेतो म्हणणारे पुष्कळदा घेतच नाहीत, हे मी बघत आलेय. अ‍ॅटॅक किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या बाबतीत गोळी सुरू करायला हंगाम बघत बसू नये. पण ज्यांना तेवढी घाई नाही, त्यांची गोळी ऐन आषाढात सुरू का करायची? चिखलात पहिले चार दिवस राबल्यावर कुणाचेही पाय भरून येतात, आणि दोष गोळीवर जातो. वैशाखात सुरू करावी, महिन्याभराने आशाताईने घरी जाऊन पाय कसे आहेत ते विचारावं, आणि मग माणसाने शेतात उतरावं.