विहिरीत उतरणारा आणि वरून पाणी ओतणारा

बालीगंजमधल्या ज्या घरात मी पेइंग गेस्ट म्हणून राहतो, तिथल्या बाथरूमचा पाइप गेल्या महिन्यात गळायला लागला. घरमालकीणबाईंनी मिस्त्रींना फोन केला. अर्ध्या तासात पन्नाशीचे एक गृहस्थ पिशवी घेऊन आले. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचे. कोलकात्यात नळाचं काम करणारे कितीतरी जण त्याच जिल्ह्यातून येतात. तिथल्या पट्टामुंडाईला सरकारने प्लंबिंगची संस्थाही काढली आहे. काम झाल्यावर चहा आला. मला चिनी मातीच्या कपात, मिस्त्रींना खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात.

'बंगालमध्ये जातपात नाही,' असं बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी गप्प बसलो. माझं मराठी आडनाव इथे कुणाला वाचता येत नाही, म्हणून मला कप मिळतो, हे मला ठाऊक होतं.

त्या पेल्याने मला थेट गावी नेलं. माझे वडील बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावात विहिरीवरचे पंप दुरुस्त करायचे. मळ्यातल्या घरांना नळ नव्हता. विहिरीवर मोटर, तिथून पाइप गच्चीवरच्या टाकीत, टाकीतून स्वयंपाकघरात. मोटर फिरतेय पण पाणी चढत नाही, अशी तक्रार आली की वडील म्हणायचे, 'फूट व्हॉल्व्ह गेला असणार, नाहीतर सक्शनच्या जोडात हवा धरली असणार.' बहुतेक वेळा तेच निघायचं. व्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला की पाइपमधलं पाणी खाली उतरतं, पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं.

पंप खालून पाणी ओढतो ते प्रत्यक्षात सात-आठ मीटरच. विहीर खोल असेल तर पंप आत, कपारीवर किंवा लोखंडी अँगलवर बसवावा लागतो आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की आणखी खाली घ्यावा लागतो. म्हणजे कुणाला तरी आत उतरावंच लागतं. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत असली की रात्रीसुद्धा. आमच्या गावात उतरायचे ते माझे वडील.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एका विहिरीत वडील कंबरभर पाण्यात उभे राहून व्हॉल्व्ह बदलत होते. मी काठावर फ्यूज हातात धरून बसलो होतो, कुणी चुकून मोटर चालू करू नये म्हणून. दोन तासांनी वडील वर आले आणि पाणी मागितलं. घरातल्या आजीने तांब्या आणला आणि उंचावरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. पाणी त्याच विहिरीचं. ज्या पाण्यात ते दोन तास उभे होते, तेच. मी वाटेत विचारलं, 'दादा, मग आता त्यांचं पाणी बाटलं नाही का?' वडील हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, 'काम असलं की बाटत नसतं.'

समाजशास्त्रात एम.ए. करून, पीएच.डी.ला लागूनही जातीच्या शुद्धतेची यापेक्षा नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. आमचे श्रम पाण्यात चालतात, आमचा हक्क चालत नाही.

हा झगडा जुना आहे. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४चा. कागदावर चवदार तळं खुलं झालं, पण ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं आणि कोर्टात निकाल लागायला १९३७. कोलकात्यात १८७०च्या सुमारास पलत्याहून नळाचं पाणी आलं, तेव्हा ते घ्यावं की नाही यावर कर्मठांमध्ये खल झाला. पुढे सोय जिंकली आणि नळ घरात आला. तो दुरुस्त करणाऱ्याचा पेला मात्र खिडकीतच राहिला.

म्हणून 'घरोघरी नळ आला की पाण्यातली जात संपेल,' हे मला पटत नाही. जलजीवन मिशन २०१९ला जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटरचं उद्दिष्ट. नळजोडण्या मोजल्या जातात. पण जोडणी मोजणं सोपं, दुरुस्ती मोजणं अवघड. आमच्या गावात वस्तीचा फाटा लाइनच्या शेवटच्या टोकाला आहे. शेवटी दाब कमी असतो. वरच्या घरांनी लाइनला मोटर लावली की वस्तीत नळ नुसता फुसफुसतो. वरच्या आळीत पाइप फुटला तर त्याच दिवशी जोडला जातो. आमच्याकडे फुटला तर आठवडा जातो. यात कुणी कुणाला शिवी देत नाही, हाकलत नाही. जात इथे व्हॉल्व्हच्या चावीत आणि दुरुस्तीच्या क्रमात बसलेली असते.

वाशिम जिल्ह्यातल्या बापूराव ताजणे यांच्या पत्नीला २०१६ साली विहिरीवर पाणी नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी चाळीस दिवस एकट्याने खोदून विहीर काढली. त्यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण दर वेळी आपल्याच माणसाने विहीर का खोदावी? सार्वजनिक पाण्याचा हिशेब कोण मागणार?

तो आपण मागू शकतो. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गावाच्या पाणी समितीत निम्म्या महिला हव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींसह दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या गावच्या समितीत वस्तीतून कोण आहे, हे आपल्यापैकी किती पदवीधरांना माहीत आहे? सुट्टीत गावी गेलात तर एवढं करा. समितीची यादी मागा. तक्रार कधी आली आणि दुरुस्ती कधी झाली, याची वस्तीवार नोंद ठेवायचा ठराव ग्रामसभेत मांडा. विहिरीत उतरणाऱ्याला दोर, वर थांबायला दुसरा माणूस आणि ठरलेली मजुरी मिळाली पाहिजे, हेही त्याच ठरावात लिहा.

आणि एक हिशेब स्वतःशी. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी कित्येक वर्षं 'शेती' लिहीत आलो. आमच्याकडे शेत नाही. पाना हातात घेतलेला बाप मी लपवला, आणि त्यांच्या मजुरीवरच शिकलो.

परवा मिस्त्री पुन्हा आले, टाकीचा बॉल कॉक बदलायला. चहा आला तेव्हा मी बाईंना सांगितलं की माझे वडीलही हेच काम करायचे. आणि न विचारता जातही सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मिस्त्रींनी पेला खाली ठेवून विचारलं, 'विहिरीवर कुठला पंप असायचा?' मी सांगितलं. मग बराच वेळ आम्ही फूट व्हॉल्व्हवर बोललो.

उद्या सकाळी मला चहा कशात येतो, ते पाहायचं आहे.