शिळा भात आणि आपले नाक

रात्री भात उरला, की आपण पातेल्यावर झाकण ठेवतो. सकाळी वास घेऊन पाहतो. वास आला नाही, तर फोडणी देऊन खातो. अन्न वाया जाऊ नये, हा मोठ्या माणसांचा विचार योग्यच आहे. पण येथे नाकावर विश्वास ठेवणे मला चूक वाटते.

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात बराच वेळ बाहेर राहिला, की जंतू वाढतात व विष तयार करतात. त्या विषाला वास नसतो. भात पुन्हा गरम केला तरी ते नाहीसे होत नाही. असा भात खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होऊ शकतात.

मग भात फेकावा का? मुळीच नाही! लागेल तेवढाच शिजवावा. उरलाच, तर परातीत पसरून थंड करावा आणि २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल, तर ताजा असतानाच शेजारी द्यावा. हे काम एकट्या आईचे नाही. जेवण झाल्यावर मुलामुलींनीही उठावे आणि घड्याळ पाहावे. नाक फसते, घड्याळ फसत नाही.