शेवटच्या गाडीचे गणित

बारावीचा निकाल लागला की नागपुरातील महाविद्यालयांच्या कार्यालयांत आसपासच्या तालुक्यांतून आलेले पालक दिसू लागतात. प्रवेशाचे अर्ज आता संगणकावरून भरले जात असले, तरी कागदपत्रे घेऊन माणसाला समक्ष यावेच लागते. काटोल, नरखेड, सावनेर, उमरेड, भिवापूर, कुही, रामटेक अशा ठिकाणांहून ही मंडळी येतात. खिडकीतल्या कारकुनाला ते फी विचारतात, शिष्यवृत्तीची माहिती घेतात, वसतिगृहाची चौकशी करतात. सोबत मुलगी असेल, तर बाप निघता निघता आणखी एक प्रश्न विचारतो : ‘‘वर्ग किती वाजता सुटतात?’’ कारकुनाला हा प्रश्न किरकोळ वाटतो. वस्तुतः त्या कुटुंबाच्या दृष्टीने सगळ्या चौकशीतला हाच प्रश्न निर्णायक असतो, कारण गावाकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते हे बापाला पाठ असते.

यांतील बहुतेक गावे नागपूरपासून सुमारे 40 ते 60 किलोमीटरांच्या टप्प्यात आहेत. खोली करून राहावे इतकी ती दूर नाहीत. आणि खोलीचे भाडे व खानावळीचा खर्च परवडणारी घरेही थोडी. म्हणून रोज जाऊन-येऊन शिकायचे ठरते. समजा, प्रात्यक्षिकाचा तास पाच वाजता संपला. महाविद्यालयातून शहर बसने किंवा ऑटोने बसस्थानक गाठायचे, तिथे गाडीची वाट पाहायची, तालुक्याच्या गावी उतरून पुढची गाडी धरायची आणि फाट्यावर उतरल्यावर घरापर्यंत पायी जायचे. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. फाट्यापासून गावापर्यंतचा दोन किलोमीटरांचा अंधार हा कोणत्याही वेळापत्रकात छापलेला नसतो, पण निर्णय त्याच्याकडे पाहूनच होतो. मग पदार्थविज्ञान घेऊ इच्छिणारी मुलगी सकाळी सुटणाऱ्या अभ्यासक्रमाला जाते, किंवा नागपूर सोडून तालुक्याच्या महाविद्यालयात नाव घालते. ज्या मुलीला जे शिकायचे आहे ते तिला केवळ गाडीच्या वेळेमुळे शिकता येऊ नये, हे खटकणारे आहे. आपण याला ‘विद्यार्थिनींची आवड’ असे नाव देऊन मोकळे होतो.

हा केवळ ग्रामीण विदर्भाचा अनुभव नव्हे. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ महिलेने दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या महाविद्यालय-निवडीचा अभ्यास केला. येण्याजाण्याचा रस्ता अधिक सुरक्षित वाटावा यासाठी मुली गुणवत्तेने बऱ्याच खालच्या महाविद्यालयाचा स्वीकार करतात, मुले मात्र त्यासाठी फारच थोडी तडजोड करतात, असे त्यांना आढळले. राजधानीसारख्या शहरात, जिथे बस आणि मेट्रो दोन्ही आहेत, तिथे ही स्थिती असेल, तर दिवसाला मोजक्या फेऱ्या असलेल्या गावाची कल्पना सहज करता येईल.

शासनाने विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. एसटीचा मासिक पास विद्यार्थ्याला एकतृतीयांश भाड्यात मिळतो. उरलेल्या दोनतृतीयांशाचा भार शासन उचलते. अहिल्याबाई होळकर योजनेखाली पाचवी ते बारावीच्या मुलींना पास विनामूल्य आहे. मार्च 2023 पासून सर्व महिलांना एसटीत अर्धे तिकीट लागते. जुलै 2024 मध्ये शासनाने आणखी एक मोठे पाऊल टाकले. वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची संपूर्ण फी माफ करण्यात आली. हे निर्णय स्वागतार्ह आहेत. पण ते एकापुढे एक मांडून पाहिले, की त्यांतली विसंगती डोळ्यांत भरते. बारावीपर्यंत मुलीचा प्रवास विनामूल्य, आणि जिथून प्रवासाचे अंतर वाढते त्या तेराव्या वर्षी तो सशुल्क! अभियांत्रिकीची फी माफ, पण अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत पोचवणारी गाडी मात्र ज्याची त्याने शोधावी.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की या सगळ्या सवलती भाड्याच्या आहेत. त्यांतील एकही गाडीच्या वेळेची नाही. पास हातात असणे आणि बस दारात येणे यांत अंतर आहे. एसटीच्या आगारात फेरी चालू ठेवावी की बंद करावी हे भारमानावर आणि किलोमीटरमागे मिळणाऱ्या उत्पन्नावर ठरते. सकाळी विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेली गाडी शहराकडे येते. तीच गाडी उलट दिशेने जाताना रिकामी धावते. पासधारकाचे पैसे महिन्याच्या आरंभी एकदाच जमा होतात आणि उरलेली रक्कम शासनाकडून यथावकाश यायची असते, त्यामुळे वाहकाच्या हिशेबात त्या दिवशी त्याचे मोल अल्पच. म्हणून जलद गाडी फाट्यावर हात दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांसमोरून निघून जाते, तेव्हा त्यात चालकाचा उद्दामपणा असतोच असे नाही. ज्या प्रवाशाला आपण सवलत दिली, त्याला नेण्याची कोणाला निकडही वाटणार नाही, अशी ही व्यवस्था आहे.

ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला आणि एप्रिल 2022 पर्यंत लांबलेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप आठवून पाहावा. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा विचार इथे करावयाचा नाही. पण त्या काळात खेड्यांतील विद्यार्थ्यांनी पर्याय शोधले, आणि त्यांतील अनेक पर्याय संपानंतरही टिकले. ज्या घरात ऐपत होती तिथे हप्त्याने दुचाकी आली. ही दुचाकी बहुतेक घरांत मुलाच्या वाट्याला येते. बहीण बसची वाट पाहत राहते. उमरेड-भिवापूरकडच्या लोकांचा आणखी एक आधार त्याआधीच सुटला होता. इतवारी-नागभीड ही अरुंद मार्गाची जुनी रेल्वे 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली आणि तिच्यावरचा रोजचा प्रवासी रस्त्यावर आला.

दुसरा पर्याय महाविद्यालयाच्या स्वतःच्या बसचा. गेल्या चार दशकांत नागपूरची अनेक व्यावसायिक महाविद्यालये हिंगणा रस्ता, काटोल रस्ता, वर्धा रस्ता अशी शहराच्या कडेला किंवा बाहेर गेली. जमीन तिथे मिळाली, पण बस तिथवर नव्हती. म्हणून संस्थांनी गाड्या सुरू केल्या. त्या नसत्या तर पुष्कळांचे शिक्षण अडले असते, हे मान्यच केले पाहिजे. तथापि पालकाने येथे डोळे उघडे ठेवावेत. वर्षाची रक्कम एकदम भरावी लागते, म्हणजे मार्ग गैरसोयीचा निघाला तरी मध्येच सोडता येत नाही. गाडी शेवटचा तास संपताच निघते. ग्रंथालयात थांबायचे असेल, प्रयोग लांबला असेल, तर ती थांबत नाही. शिवाय गाडी संस्थेच्या मालकीची आहे की कंत्राटदाराची, हे विचारावयास हवे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येप्रमाणे ‘शैक्षणिक संस्थेची बस’ म्हणजे संस्थेच्या मालकीची आणि केवळ विद्यार्थी व कर्मचारी यांची ने-आण करणारी गाडी. भाड्याने घेतलेली गाडी बाहेरून तशीच रंगवलेली असली, तरी या व्याख्येत बसत नाही. शाळांच्या बससाठी राज्यात 2011 पासून स्वतंत्र नियम आहेत. मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी, तिच्यात पालक, पोलीस व परिवहन खात्याचे प्रतिनिधी असावेत, असे ते नियम सांगतात. महाविद्यालयात अशी समिती स्थापन करून तिच्यात विद्यार्थ्यांनाच बसवायला कोणाची आडकाठी आहे? महाविद्यालयातील तरुण सज्ञान झाला म्हणून त्याच्या सुरक्षिततेची चौकशी संपते, हा विचित्र न्याय आहे.

शहरातल्या शहरात प्रश्न तुलनेने सोपा झाला आहे. महापालिकेची ‘आपली बस’ 2017 पासून धावते. मेट्रो मार्च 2019 मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये तिचा पहिला टप्पा पूर्ण झाला. लेडी अमृताबाई डागा महाविद्यालयाचे संक्षिप्त नाव धारण करणारे एक स्थानकही तिच्यावर आहे. विद्यार्थ्यांसाठी 30 टक्के सवलत 2023 मध्ये जाहीर झाली. परंतु मेट्रो पश्चिमेला लोकमान्यनगरला थांबते आणि वानाडोंगरी-हिंगण्याची महाविद्यालये त्यापुढे राहतात. हिंगण्यापर्यंतचा मार्ग डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या दुसऱ्या टप्प्यात आहे. आणि गणेशपेठेच्या स्थानकावर एसटीतून उतरलेल्या मुलाला पुढच्या चार-सहा किलोमीटरांसाठी वेगळे तिकीट किंवा वेगळा पास लागतो. एसटी, शहर बस आणि मेट्रो या तिन्ही सार्वजनिक पैशावर उभ्या असताना त्यांचा एक विद्यार्थी-पास निघू नये, याला तांत्रिक कारण उरलेले नाही. तीन कार्यालयांनी एकत्र बसावयाचे आहे, एवढेच.

महामंडळ तोट्यात असताना विद्यार्थ्यांसाठी नव्या फेऱ्या कोठून काढायच्या, असा आक्षेप येईल. तो उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर एसटीच्याच जुन्या पद्धतीत आहे. मुक्कामी गाडी ही आपल्याकडची मोठी व्यवहारी कल्पना होती. संध्याकाळी उशिरा निघालेली गाडी रात्री गावात राहायची आणि पहाटे तीच माणसे घेऊन परतायची; म्हणजे रिकामी फेरी उरतच नसे. पुष्कळ गावांतून ही गाडी गेली याचे एक कारण चालक-वाहकांचे हाल हे होय. झोपायला गाडीतला बाक, न्हाणीघर-शौचालयाचा पत्ता नाही. अशा ठिकाणी मुक्काम कोण आनंदाने करील? ग्रामपंचायतीने एक स्वच्छ खोली, पाणी आणि कुलूप एवढे दिले, तर सायंकाळी साडेसहा-सातची गाडी मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते. हा खर्च रस्त्यावरच्या एखाद्या स्वागत-कमानीपेक्षा कमी असेल!

वेळापत्रक शिक्षणाभोवती आखता येते, याचा पुरावाही जवळच आहे. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या आठवी ते बारावीच्या मुलींसाठी शाळेच्या वेळेप्रमाणे धावतात, आणि त्या एसटीच चालवते. बारावीच्या पुढे ती सोय थांबते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावा, क्षेत्रकार्य करावे, कामाचा प्रत्यक्ष अनुभव घ्यावा, अशी अपेक्षा आहे. म्हणजे त्याचा दिवस पूर्वीपेक्षा लांबणार. विद्यापीठाने हे श्रेयांक ठरवताना बसस्थानकावरचे वेळापत्रक पाहिले असेल, असे मानण्यास आधार दिसत नाही.

यात पहिले काम प्राचार्यांचे आहे. कोणत्या गावचे किती विद्यार्थी आणि त्यांचा अखेरचा तास कधी संपतो, ही माहिती महाविद्यालयाच्या दप्तरात असते. ती जुलैतच विभाग नियंत्रकांकडे गेली, तर एका मार्गावरच्या पाच महाविद्यालयांचे विद्यार्थी मिळून एक गाडी भरते की नाही हे कागदावरच कळेल. आज प्रत्येक महाविद्यालय आपापले वेळापत्रक आखते, आगार आपले आखते, आणि दोहोंची गाठ फक्त विद्यार्थ्याच्या दमछाकीत पडते. जून 2024 पासून एसटीने पास थेट शाळा-महाविद्यालयांत जाऊन देण्याची मोहीम हाती घेतली. त्यासाठी संस्थांकडून विद्यार्थ्यांच्या याद्या मागवल्या जातात. त्याच यादीत गावाच्या नावापुढे एक रकाना वाढवावा : संध्याकाळी किती वाजता सुटता?