संगणकाचा ताबा कोणाकडे?

लिनक्ससारखी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिम फुकट मिळत असता व्यावसायिक पैसे मोजून विंडोजच का घेतात, हा प्रश्न आपल्या बैठकांतून अधूनमधून निघतो. ‘मक्तेदारी’ या एका शब्दात त्याचे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. हे उत्तर खोटे नाही, पण फार अपुरे आहे. बडे भांडवल स्वतःच्या कामासाठी काय निवडते ते पाहिले, म्हणजे किमतीपेक्षा ताब्याचा प्रश्न मोठा आहे हे ध्यानात येते.

लंडनच्या शेअरबाजाराचे उदाहरण घ्या. भांडवलशाहीच्या या जुन्या देवळाने २००७ साली आपले व्यवहार मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर उभारलेल्या ‘ट्रेडइलेक्ट’ या यंत्रणेवर नेले. ८ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे अमेरिकी सरकारने फॅनी मे व फ्रेडी मॅक या गृहकर्जसंस्था ताब्यात घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ऐन झुंबडीत हा बाजार सुमारे सात तास ठप्प झाला. दोष ऑपरेटिंग सिस्टिमचाच होता असे म्हणणे अन्यायाचे होईल; अशा यंत्रणेत बिघडण्याजोगे पुष्कळ काही असते. परंतु पुढची पावले बोलकी आहेत. २००९ साली बाजाराने श्रीलंकेतील मिलेनियमआयटी ही कंपनीच विकत घेतली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये आपला मुख्य व्यवहार तिच्या लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रणेवर आणला. लिनक्सचे स्वातंत्र्य उपभोगण्यासाठी त्याने ते जाणणारी माणसेच पदरी बाळगली! ज्याची एवढी ऐपत आहे त्याला आतली रचना वाचता येते, बदलता येते, पुरवठादाराला रामराम ठोकता येतो.

त्याखालच्या पायरीवरील कंपन्या रेड हॅटला वर्षाची वर्गणी देतात. प्रणालीचा स्रोत खुलाच आहे. वर्गणी असते ती मध्यरात्री बिघाड झाल्यास जाब देणारा कोणी असावा म्हणून. देशोदेशीच्या प्रोग्रामरांच्या सामायिक श्रमावर उभा असलेला हा धंदा आयबीएमने २०१९ साली ३४ अब्ज डॉलरना घेतला. तीच प्रणाली ‘सेंटओएस’ या नावाने विनावर्गणी वापरणारेही पुष्कळ होते. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना कळवण्यात आले, की आठव्या आवृत्तीची देखभाल २०२९ पर्यंत न चालता २०२१ अखेरच थांबेल. परवाना मुक्त होता, तरी धावपळ व्हायची ती झालीच. मात्र त्यांना वाट उरली होती. त्याच खुल्या स्रोतातून अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स उभ्या राहिल्या.

विंडोजच्या ग्राहकाला अशी वाट नसते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. धडधाकट असूनही विंडोज ११ च्या अटींत न बसणारी यंत्रे चालू ठेवायची, तर व्यावसायिकांना पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा दर लावण्यात आला. खंडणी म्हणावे की देखभालखर्च, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मग आपला छापखानेवाला किंवा पतसंस्थेचा सचिव तरीही विंडोज का सोडत नाही? कारण त्याचे काम तिला बांधलेले आहे. वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपीच्या टंकांत व पेजमेकरच्या पानांत अडकला आहे, हिशेब टॅलीत आहेत. टंकलेखन करणारी मुलगी तेवढेच शिकली आहे आणि गल्लीतला दुरुस्तीवाला दुसरे काही जाणत नाही. उद्या पान अडले तर लिनक्सच्या तत्त्वज्ञानाने ते सुटत नाही. या माणसाचा हिशेब चुकीचा नाही, आणि त्याला अडाणी ठरवणाऱ्या आपल्या सुशिक्षित मित्रांनी त्याच्या दुकानात एक दिवस बसून पाहावे.

एकट्याला जे परवडत नाही त्यासाठीच तर सहकाराची चळवळ झाली. साखर कारखाने काढणाऱ्या महाराष्ट्रात जिल्ह्यातील पाचपंचवीस पतसंस्था व छापखाने मिळून दोन जाणकार माणसे पगारावर ठेवू शकत नाहीत, हे पटत नाही. केरळने सरकारी शाळांत मुक्त प्रणाली आणताना शिक्षकांनाच तिचे प्रशिक्षण दिले, हे लक्षात घ्यावे. अशा जाणकारांनी पहिल्याच दिवशी विंडोज पुसण्याच्या फंदात पडू नये. आधी जुना मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि हिशेबाच्या नोंदी कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा स्वरूपात काढून ठेवाव्यात. एवढे काम एका छापखान्यात तडीस गेले, की शेजारचा छापखाना आपण होऊन चौकशीला येईल.