न संपणारें गणित

कुलपाची परीक्षा कोणती, असें विचारल्यास ‘चोरास उघडतां न यावें’ असें उत्तर बहुतेक वाचक देतील. तें अर्धेंच आहे. धन्यास हवें तेव्हां तें उघडलें पाहिजे, ही दुसरी परीक्षाही तितकीच महत्त्वाची.

पेढीचे व्यवहार, आगगाडीचीं तिकिटें, दूरदेशच्या मुलांचीं पत्रें, हें सर्व हल्लीं संगणकांतून चालतें. तें गुप्त राखणाऱ्या कूटलेखनाच्या तयार सामग्रीस ‘लायब्ररी’ म्हणतात. ‘ओपनएसएसएल’ ही त्यांपैकीं फार प्रचारांतली. मार्च २०२२ मध्यें उघडकीस आलेला तिचा एक दोष या दुसऱ्या परीक्षेंतला होता.

संगणक एकमेकांस ओळखीसाठीं प्रमाणपत्र दाखवितात. त्यांतील किल्ली कधीं कधीं संक्षेपानें लिहिलेली असते. ती पूर्ण करण्यास बाक्यांच्या गणितांत वर्गमूळ काढावें लागतें. भाजक ७ घेतला तर ३ चा वर्ग ९, बाकी २. म्हणून येथें २ चें वर्गमूळ ३. ओपनएसएसएलची हें मूळ काढण्याची रीत भाजक अविभाज्य संख्या आहे असें गृहीत धरून चाले. तो तसा नसल्यास हिशेब त्याच फेऱ्यांत अखंड फिरत राहण्याचा संभव असे. कोणीं मुद्दाम तसला भाजक घालून प्रमाणपत्र पुढें केलें कीं संगणकाचें काम तेथेंच खुंटे. शिवाय प्रमाणपत्र आधीं वाचावयाचें आणि त्यावरील सही मागाहून तपासावयाची, असा क्रम असल्यामुळें खोट्या सहीचेंही पत्र या कामास पुरे!

यांत गुपित फुटत नाहीं, पैही चोरीस जात नाहीं. द्वारपाळ गणित सोडवीत उभा आणि घरचीं माणसें बाहेर, इतकेंच. पण आजीच्या औषधाच्या वेळीं पेढींतली रक्कम सुखरूप असून हातीं येत नसेल, तर ती हानि लहान कशी म्हणावी?

गूगलचे टॅव्हिस ऑर्मंडी यांनीं हा दोष शोधून काढला, व १५ मार्च २०२२ रोजीं ३.०.२ आणि १.१.१एन या दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. परंतु निघालेली दुरुस्ती प्रत्येक यंत्रांत बसवावी लागते. घरचें यंत्र ‘अपडेट’ मागतें तेव्हां ‘उद्यां पाहूं’ म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

सूत्राचा विषय आधीं पाहावा, मग सूत्र लावावें, ही व्याकरणाची जुनी शिस्त. आम्ही ती वर्षानुवर्षें मुलांस सांगत आलों. यंत्रांसही ती शिकवावी लागते, एवढेंच नवें.