बैलाचा हिशोब कोण करणार?

मंडळी, पोळ्याला गावाकडे जाऊन आलो. गाव परभणी जिल्ह्यातलं, जिंतूर तालुक्यात. दर वर्षीचा कार्यक्रम ठरलेला असतो. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, सकाळी अंग मोडून उतरायचं आणि आईच्या हातच्या पुरणपोळीवर ताव मारायचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू ओढून कडक झालेले बैलांचे खांदे हळद-तूप लावून चोळायचे आणि उद्या जेवायला या असं त्यांना आवतण द्यायचं.

या वेळी आबांनी आवतण दिलं ते पाटावर मांडलेल्या मातीच्या दोन बैलांना. गोठ्यात आता भावाची मोटरसायकल आणि खताची पोती असतात.

परत आलो तर ऑफिसात याच विषयावर दोन पार्ट्या. एकाचं म्हणणं, बैल म्हणजे प्रदूषणमुक्त ऊर्जा, आपले पूर्वज किती हुशार होते बघा. दुसरा म्हणतो, एकविसाव्या शतकात बैल कसला हाकताय, आता ड्रोनने फवारणी होते. दोघांनीही जन्मात बैलापुढे कडब्याची पेंढी टाकलेली नाही. मी टाकलीये. तेव्हा आज जरा हिशोबच मांडतो. आकडेमोडीचा कंटाळा असेल त्यांनी दोन परिच्छेद सोडून पुढे जावं :)

बैल सलग काम करताना साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतक्या जोराने ओढतो. चारशे किलोचा एक, असे दोन बैल धरले तर ओढ झाली ऐंशी किलोची. चाल ताशी अडीच किलोमीटर. गुणाकार केला की साडेपाचशे वॉटच्या आसपास उत्तर येतं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे आख्खी जोडी मिळून पाऊण हॉर्सपॉवर! सहा तास औत चाललं तर दिवसाचं काम सव्वातीन युनिट. एक लिटर डिझेलमध्ये दहाएक युनिट उष्णता असते, त्यातली ट्रॅक्टरच्या मागे ओढायला पाचवा हिस्सा मिळाली असं धरू. म्हणजे बैलजोडीचं दिवसभराचं काम साधारण दीड लिटर डिझेलमध्ये होतं. रुपयांत सांगायचं तर दीडशेच्या आतबाहेर.

आता खर्च. आबा वही ठेवायचे. आजच्या भावाने कडबा, पेंड, सरकी सगळं धरून जोडीला दिवसाला अडीचशे रुपये कुठेच गेले नाहीत. त्यात काम वर्षातले फार तर शंभर दिवस. उरलेले २६५ दिवस काय? आमच्या धंद्यात मशीन रिकामं असलं की स्टँडबायवर टाकतात. बैल स्टँडबायवर पण कडबा खातो. शिवाय शेण काढायला, पाणी पाजायला माणूस लागतो, आणि सालगडी आता शोधूनही मिळत नाही.

प्रदूषणमुक्त म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गणित. रवंथ करणारं जनावर ढेकरेतून मिथेन सोडतं. भारतीय बैलाचा वर्षाला पंचवीस-तीस किलो धरा. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. म्हणजे जोडीचा दीड टन झाला. एक लिटर डिझेल जाळलं की २.७ किलो निघतो. तेव्हा जोडीची वर्षभराची ढेकर म्हणजे साडेपाचशे लिटर डिझेल, आणि तिचं वर्षाचं काम दीडशे लिटरचं. आता बोला!

म्हणजे ड्रोनवाला जिंकला? थांबा.

आमची परभणीची जमीन काळी. पाणी पिऊन फुगणारी, पायाला चिकटून बसणारी. श्रावणात चार दिवस पाऊस लागून उघडला की सोयाबीनमध्ये, कपाशीत तण माजतं. त्या वेळी ट्रॅक्टर शेतात घातला तर एक तर रुततो, नाही तर जमीन दाबून तिची वाट लावतो. बैल मात्र वाफसा येता येता दोन ओळींमधून कोळपं ओढत जातो, पीक तुडवत नाही. त्यात राज्यातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन-साडेतीन एकर. एवढ्यासाठी ट्रॅक्टर घेणं परवडत नाही. भाड्याने आणायचा म्हटलं तर ज्या दिवशी सगळ्या गावाला हवा असतो त्याच दिवशी आपल्यालाही हवा असतो. पेरणी दोन दिवस लांबली की काय होतं ते कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा. बैल दारात असतो. आमच्या भाषेत अव्हेलेबिलिटी! हे दीड लिटर डिझेलच्या हिशोबात येत नाही.

आणि ही माझी खास बैलवेडी कल्पना नाही. १९८१ साली नैरोबीला ऊर्जेवर संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, तिथे इंदिरा गांधींनीच सांगितलं होतं की भारतात सगळ्या वीजकेंद्रांपेक्षा जास्त शक्ती जनावरांकडून मिळते. बंगळुरूच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी सुधारित बैलगाडीसाठी कितीतरी वर्षं घालवली. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठात तर पशुशक्तीच्या वापरावर संशोधन करणारं केंद्रच आहे. बैलाने ओढायची पेरणी यंत्रं, सोलर पॅनेल लावलेलं बैलचलित फवारणी यंत्र, असली कामं तिथे झालीत. मशीन आणि बैल एकमेकांचे दुश्मन नाहीत हे त्यांना केव्हाच कळलंय.

मग बिघडलं कुठे? माझं मत सांगतो, पटलं तर बघा. बैलाच्या मरणावर सरकारचा हक्क आहे आणि त्याच्या जगण्याचा खर्च मात्र एकट्या शेतकऱ्याचा.

महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने होतीच. पण म्हातारा बैल दाखला घेऊन विकता यायचा. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्ती जवळजवळ वीस वर्षं राष्ट्रपतींच्या सहीसाठी पडून होती, ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली. बैल, वळू सगळेच त्यात आले. मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली.

आमच्याकडे तेव्हा लाल कंधारीची जोडी होती, हरण्या आणि लाल्या. हरण्याचा मागचा पाय त्याच वर्षी गेला. एरवी असा बैल बाजारात जायचा आणि आलेल्या पैशात भर घालून आबा नवा गोऱ्हा आणायचे. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं होतं, कुणी त्याचा अभिमान बाळगत नव्हतं आणि कुणी पापही मानत नव्हतं. त्या वर्षी बेपारी फिरकलाच नाही. वर दुष्काळ. लाल्या एकटा, त्याला जोड घ्यायला पैसा नाही, कारण पैसा हरण्याच्या पायात अडकलेला. शेवटी आबांनी लाल्याला पडत्या भावाने विकलं आणि हरण्याला ठेवलं. चार वर्षं. मी फोनवर म्हणायचो, गोशाळेत द्या. आबा म्हणायचे, "लेका, त्यानं सोळा वर्षं आपलं पोट भरलं. म्या त्याला लोकाच्या दारात कामून सोडू?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, महिन्याला थोडे पैसे पाठवायची सोय तेवढी होती. ज्याच्या पोराला पुण्यात नोकरी नाही त्याने काय करायचं?

कायदा असावा की नसावा यावर मी इथे भांडत नाहीये. लोकांची श्रद्धा आहे, सरकारने मान दिला, ठीक. पण श्रद्धा सगळ्यांची आणि बिल एकाचं, हा कुठला न्याय? सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गाईला राज्यमाता म्हटलं आणि गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये द्यायचं ठरवलं. चांगली गोष्ट आहे. पण शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाला काय? शून्य. ट्रॅक्टरला सव्वा लाखापर्यंत अनुदान, ड्रोनला अनुदान. शर्यतीचा प्रश्न आला तेव्हा सगळे पक्ष एक झाले, कायदा बदलला, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्यही केला. शर्यतीत पळणाऱ्या बैलाला वकील मिळाला. कोळपं ओढणाऱ्याला कोण आहे?

सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून लिंगवर्गीकृत रेतमात्रा सवलतीत दिल्या जातात. त्यातून दहापैकी नऊ कालवडीच जन्मतात. तंत्रज्ञान म्हणून मला त्याचं कौतुकच आहे, दुधाचा धंदा करणाऱ्याला ते हवंच आहे. पण नीट बघा, एका हाताने बैल मारायला बंदी आणि दुसऱ्या हाताने बैल जन्मूच नये याची सोय. मग पोळ्याला शुभेच्छांचे फ्लेक्स कशाला? दोन पशुगणनांमध्ये, २०१२ ते २०१९, राज्यातलं गोधन सुमारे एक कोटी ५५ लाखांवरून एक कोटी ४० लाखांवर आलं. ज्या कायद्याने गोवंश वाचायचा होता त्याच्या काळातलीच ही घट आहे. दोष एकट्या कायद्याचा नाही, ट्रॅक्टर आहे, दुष्काळ आहे, सालगडी नाही. पण विकता न येणारी वस्तू कोण विकत घेईल, एवढं अर्थशास्त्र तर आमच्या आबांनाही कळतं. ते सातवी पास आहेत.

माझं मागणं साधं आहे. जे ५० रुपये गोशाळेतल्या गाईला, तेच शेतकऱ्याच्या दावणीच्या म्हाताऱ्या बैलाला द्या. जनावरांच्या कानात बिल्ला आहे, त्याचा बारा आकडी नंबर आहे, शेतकऱ्याचं बँक खातं आहे. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हे काम अजिबात अवघड नाही. आणि ट्रॅक्टरच्या शेजारी बैलचलित यंत्रालाही तसंच ठळक अनुदान ठेवा. ते द्यायचं नसेल तर सरळ सांगा की बैल संपला, आम्हाला त्याची गरज नाही. निदान आबा तरी वाट बघायचं सोडतील.

निघताना त्यांना विचारलं, परत जोडी घ्यायची का? मी अर्धे पैसे देतो. ते मातीचे बैल फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवत होते. म्हणाले, "घेऊ की. पन म्हातारा झाल्यावर त्याचं काय करू, ते आधी सांग."

तुम्हीच सांगा, काय सांगू?