साहित्याचे अध्यापन आणि विद्यार्थ्याचे पहिले वाचन

मराठीच्या अभ्यासक्रमाची पुनर्रचना हा विद्यापीठीय वर्तुळात नेहमीच चर्चेचा विषय ठरत आला आहे. कोणती साहित्यकृती नेमावी, कोणती वगळावी, यावर वाद झडतात. त्या मानाने, नेमलेली साहित्यकृती विद्यार्थी प्रत्यक्षात कशी शिकतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वर्गात बहुधा आढळणारा क्रम असा : अध्यापक प्रथम कवीचा काळ आणि त्याच्या काव्याची वैशिष्ट्ये सांगतात; मग कवितेचा भावार्थ सांगतात; विद्यार्थी टिपणे उतरवून घेतो आणि परीक्षेच्या तोंडावर ती टिपणे किंवा बाजारातील मार्गदर्शिका पाठ करतो. या संपूर्ण क्रमात एक गोष्ट घडली नाही तरी चालते, आणि ती म्हणजे विद्यार्थ्याने ती कविता स्वतः वाचणे. साहित्याच्या अध्यापनातील मूळ दोष अभ्यासक्रमात नसून या क्रमात आहे.

आय. ए. रिचर्ड्स यांचे नाव पाश्चात्त्य समीक्षेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु त्यांच्या सिद्धान्तांची जितकी चर्चा होते, तितकी त्यांच्या अध्यापनपद्धतीची होत नाही. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कवीचे नाव न देता कविता वाचावयास दिल्या, त्यांवर मोकळेपणाने लिहावयास सांगितले आणि त्या लेखी प्रतिक्रियांनाच पुढील व्याख्यानाचा विषय केले. १९२९ साली प्रसिद्ध झालेला ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हा ग्रंथ या प्रयोगातून सिद्ध झाला. त्यातील तेरा कवितांवरील प्रतिक्रिया वाचताना लक्षात येते की, साहित्याचे शिक्षण घेणाऱ्या त्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना कवितेचा साधा वाच्यार्थही लागलेला नव्हता. काहींनी ठरीव साच्यातील भावना कवितेवर लादल्या होत्या, तर काहींनी आपल्या मतांच्या कसोटीवर कविता जोखली होती. या प्रयोगाचे महत्त्व विद्यार्थ्यांच्या चुका उघड करण्यात नाही. चूक ही अध्यापनाची सामग्री आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले, यात त्याचे महत्त्व आहे. विद्यार्थ्याने कविता कोठे चुकीची वाचली हे कळल्याविना त्याला काय शिकवावयाचे हे अध्यापकाला कळत नाही. आणि भावार्थ आधीच सांगून टाकला, की चुकण्याची संधीच उरत नाही.

त्याच केंब्रिजमधील मानसशास्त्रज्ञ एफ. सी. बार्टलेट यांनी १९३२ च्या ‘रिमेंबरिंग’ या ग्रंथात या प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचावयास देऊन ती पुढे वेळोवेळी आठवून लिहावयास सांगितली. लिहिताना वाचकांनी अपरिचित तपशील गाळले किंवा परिचयाच्या तपशिलांत बदलले. वाचक कोऱ्या पाटीने वाचत नाही, तो आपल्या अनुभवाच्या चौकटीत वाचलेले बसवून घेतो, असा याचा अर्थ होतो. मराठीच्या वर्गाला हे विशेषत्वाने लागू पडते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील संवादांची वऱ्हाडी वळणे अमरावतीकडील खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला कानातून कळतात. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांतील घर आणि शेत खानदेशातील विद्यार्थिनीला कोशाविना कळते. प्रमाणभाषेतील तयार टिपणांचे अध्यापन या विद्यार्थ्यांच्या जवळचे हे ज्ञान निरुपयोगी ठरविते. उलट, पुण्या-मुंबईच्या वर्गात ‘धग’चे वाचन जेथे अडखळते, ती जागा कोणती हे पाहणे, हेच अध्यापनाचे पहिले पाऊल ठरते. दोन्ही ठिकाणी प्रारंभ विद्यार्थ्याच्या वाचनापासून व्हावयास हवा, एवढे मात्र समान आहे.

ही दृष्टी केवळ पश्चिमेकडून आलेली आहे असे समजण्याचे कारण नाही. महानुभाव परंपरेतील ‘दृष्टान्तपाठा’त केशोबासांनी श्रीचक्रधरांच्या सूत्राला दृष्टान्ताची जोड दिली आणि पुढे दार्ष्टान्तिक मांडून दोहोंचा संबंध उलगडला. केवळ सूत्र सांगून ते श्रोत्याला लाभत नाही. त्याच्या परिचयाच्या जगातून वाट काढीतच ते त्याच्यापर्यंत न्यावे लागते, याची जाण या रचनेमागे आहे. आजच्या टिपणांत सूत्र तेवढे उरले आहे.

या भूमिकेवर घेतला जाणारा पहिला आक्षेप पाठांतराच्या बाजूने येतो. स्मरणाशिवाय विद्या नाही, हे खरेच आहे आणि अभंग मुखोद्गत असणारा वाचक अभंगाच्या लयीला पारखा होत नाही, हेही खरे. परंतु स्मरण कशाने टिकते याविषयीची माहिती रूढ समजुतीहून वेगळी आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिण्याचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनर्वाचन करणारे सरस ठरले. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचण्यांत मात्र आठवून लिहिणारे पुढे होते. परीक्षेच्या आदल्या रात्री टिपणांवरून फिरविलेली नजर दुसऱ्या दिवशीच्या प्रश्नपत्रिकेपुरती पुरते आणि वर्षभरात विरून जाते, याचे कारण येथे सापडते. स्वतःच्या प्रयत्नाने मनातून वर काढलेले तेच टिकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थ्याला साहित्यकृतीसमोर एकटे सोडून दिल्यास तो शिकेल कसा? नवख्या विद्यार्थ्याला पुरेशा मार्गदर्शनाविना शोध घ्यावयास लावणे फलदायी होत नाही, असे प्रतिपादन कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ सालीच केले आहे आणि त्यात तथ्य आहे. ‘लीळाचरित्रा’ची भाषा शब्दार्थांच्या साहाय्याविना एम. ए.च्या विद्यार्थ्यालाही उलगडणार नाही. तेव्हा प्रश्न मार्गदर्शन असावे की नसावे हा नाही. ते केव्हा आणि किती असावे हा आहे. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ साली अध्यापकाच्या साहाय्याला परांचीची उपमा दिली. परांचीशिवाय भिंत चढत नाही. पण भिंत उभी राहिली की परांची उतरवावयाची असते. शब्दार्थ, संदर्भ आणि छंदाची ओळख ही आवश्यक परांची होय. भावार्थ ही मात्र भिंतच आहे आणि ती विद्यार्थ्यानेच बांधावयाची आहे.

मोठे वर्ग, अपुऱ्या तासिका आणि परीक्षेचे दडपण या अडचणी खऱ्या आहेत. तरीही काही बदल आजच्या चौकटीत शक्य आहेत. तासाच्या प्रारंभी कवितेची संहिता आणि कठीण शब्दांचे अर्थ द्यावेत. पंधरा मिनिटे प्रत्येकाने आपल्याला लागलेला अर्थ व न लागलेली ओळ लिहावी. अध्यापकाने त्यांतील आठ-दहा कागद वाचून दाखवून, मतभेद जेथे दिसतील तेथून चर्चा सुरू करावी आणि कवीविषयीचे विवेचन त्यानंतर यावे. पुढील आठवड्यात टिपणे न उघडता तीच कविता आठवून तिच्याविषयी लिहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रश्नपत्रिकेत न नेमलेल्या कवितेच्या रसग्रहणाला भरीव गुण असावेत. शालेय परीक्षेला परिचित असलेले अपठित पद्य पदव्युत्तर पातळीवर वर्ज्य का असावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. परीक्षा जोवर टिपणांची मागणी करते, तोवर वर्गातील कोणताही प्रयोग विद्यार्थ्याला वेळेचा अपव्यय वाटणार.

आजचे पदव्युत्तर विद्यार्थी उद्याचे अध्यापक आहेत. ज्याने स्वतः एकही कविता विनाटिपण वाचली नाही, तो आपल्या विद्यार्थ्यांना टिपणांवाचून दुसरे काय देऊ शकेल? अशा रीतीने एका पिढीचे परावलंबन दुसऱ्या पिढीकडे अध्यापनाच्या नावाखाली संक्रांत होते आणि साहित्यकृती नेमलेली असूनही न वाचलेलीच राहते. विद्यार्थ्याच्या पहिल्या, अडखळत्या, प्रसंगी चुकीच्या वाचनाला वर्गात जागा देणे, हाच ही परंपरा खंडित करण्याचा मार्ग होय.